पुरुषांचे पाकीट आणि बॅग: कड, शिवण आणि ताणाच्या जागा पाहून निवड कशी करावी

दुकानात पाकीट हातात आले की बहुतेक जण ते उघडून आतले कप्पे मोजतात, कातड्यावरून अंगठा फिरवतात आणि किंमत विचारतात. बॅग घेताना रंग, आकार आणि लॅपटॉप मावतो की नाही एवढे पाहिले जाते. वस्तू किती वर्षे टिकेल हे यांतल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही. पाकीट सर्वांत आधी दुमडीवर आणि कोपऱ्यांवर निकामी होते. बॅग पट्ट्याच्या जोडाशी आणि चेनीच्या टोकांशी फाटते. म्हणून पारख तिथूनच सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. देखणेपणाचा विचारही त्यातच येतो, कारण या वस्तूंवर नक्षी किंवा झळाळी फारशी नसते. त्या सरळ शिवणीने, स्वच्छ कडांनी आणि नेमक्या मापाने उठून दिसतात.

आधी सोबत काय असते ते मांडून पाहा

खरेदीला निघण्यापूर्वी सध्याचे पाकीट रिकामे करून त्यातील सर्व वस्तू टेबलावर मांडाव्यात. यूपीआय आल्यापासून रोख रक्कम कमी बाळगली जाते, पण पाकिटे मात्र जुन्याच मापांची वापरली जातात आणि रिकाम्या जागेत पावत्या, जुनी ओळखपत्रे व संपलेली सदस्यत्वाची कार्डे साठत जातात. गेल्या महिन्याभरात जे कार्ड एकदाही बाहेर काढावे लागले नाही, ते घरी ठेवावे. एवढे केल्यावर बहुतेकांकडे चार ते सहा कार्डे आणि थोड्या नोटा उरतात. हे प्रमाण ठरले की पाकिटाचा प्रकारही बव्हंशी ठरतो.

आता मापे पाहू. बँकेचे कार्ड, पॅन कार्ड, पीव्हीसी आधार आणि स्मार्ट कार्ड स्वरूपातील वाहन परवाना हे सर्व एकाच आंतरराष्ट्रीय मापाचे असतात: लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६ मिलिमीटर. आठ कार्डे म्हणजे नुसत्या प्लास्टिकचीच सहा मिलिमीटर जाडी झाली, त्यात कातड्याचे थर वेगळे. नव्या मालिकेतील पाचशेची नोट १५० गुणिले ६६ मिलिमीटर, दोनशेची १४६ गुणिले ६६ आणि शंभराची १४२ गुणिले ६६ मिलिमीटर आहे. जुन्या मालिकेतील शंभराची नोट मात्र १५७ गुणिले ७३ मिलिमीटरची असून ती आजही चलनात आहे. परदेशी नोटांच्या मापाने बेतलेल्या काही पाकिटांत ही नोट वरून डोकावते आणि तिची कड फाटते. त्यामुळे नोटांच्या कप्प्याची आतली खोली निदान ८० मिलिमीटर असावी. दुकानात मोजपट्टी काढण्याचा संकोच वाटत असेल, तर जुनी शंभराची नोट सोबत न्यावी आणि कप्प्यात घालून पाहावी.

बॅगेसाठीही असेच करावे. चार्जरसह लॅपटॉप साधारण दीड ते दोन किलो, पाण्याची भरलेली बाटली एक किलो, डबा, छत्री, एखादी वही किंवा फाइल: हे सगळे मिळून चार-पाच किलो सहज होतात. पूर्ण कातड्याची मोठी ऑफिस बॅग रिकामीच दीड-दोन किलोंची असू शकते. ज्यांना रोज लोकलने किंवा बसने उभ्याने प्रवास करावा लागतो, त्यांनी हा हिशेब मनावर घ्यावा. अशा प्रवासासाठी जाड कॅनव्हासची, कातडी पट्टे आणि तळ असलेली बॅग, किंवा चांगल्या नायलॉनची पाठपिशवी घेणे शहाणपणाचे आहे. निव्वळ कातड्याची बॅग ज्यांच्याकडे सामान कमी आणि चालणे थोडे आहे, त्यांना शोभते आणि पेलतेही. लॅपटॉपचा आकार इंचांत सांगितला जातो तो पडद्याच्या कर्णाचा, यंत्राच्या लांबी-रुंदीचा नव्हे. त्यामुळे बॅगेवरच्या चिठ्ठीवर विसंबू नये. यंत्राची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून न्यावी आणि लॅपटॉपच्या गादीदार कप्प्याचे आतले माप त्याच्याशी ताडून पाहावे.

कातडे ओळखणे

जनावराच्या कातडीचा केसांकडचा वरचा थर सर्वांत घट्ट विणीचा असतो. हा थर न घासता तसाच ठेवला, तर त्या कातड्याला बाजारात फुल ग्रेन म्हणतात. त्यावर बारीक रंध्रे, डासांच्या चाव्यांच्या खुणा, एखादा जुना ओरखडा दिसतो आणि दोन तुकडे कधीच हुबेहूब सारखे नसतात. वरचा भाग थोडा घासून डाग काढले, तर ते टॉप ग्रेन. बराच घासून वर रंगाचा जाड थर आणि साच्याने ठसा दिला, तर ते करेक्टेड ग्रेन. जाड कातडे आडवे चिरून खालचा जो थर निघतो तो स्प्लिट; त्यात वरच्या थराची घट्ट वीण नसते, म्हणून ताण आला की तो सैलावतो. कातड्याचा चुरा गोंदाने कापडावर चिकटवून केलेले बाँडेड लेदर सर्वांत खालच्या पायरीवर येते. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का यांपैकी नेमके काय आहे ते सांगत नाही. स्प्लिटच्या वस्तूवरही तो मारलेला असतो.

पारख करण्यासाठी तीन गोष्टी पुरतात. पृष्ठभाग अंगठ्याने दाबावा: खऱ्या वरच्या थरावर अंगठ्याभोवती बारीक, अनियमित सुरकुत्या पसरतात आणि अंगठा काढला की विरतात; प्लास्टिकच्या थरावर नुसता खळगा पडतो. मग पट्ट्याचे टोक किंवा उघडी कड शोधून ती निरखावी: कातड्यात गुंतलेले तंतू दिसतात, कृत्रिम मालात कापडाची वीण आणि वर चकचकीत पापुद्रा दिसतो. शेवटी पूर्ण वस्तूवर रंध्रांची रचना फिरून फिरून तशीच येते का ते पाहावे. तशी येत असेल, तर ती साच्याची आहे. पेटवून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो धोकादायक आहे आणि विक्रेत्यावर अन्याय करणाराही आहे, शिवाय कड वाचता आली की त्याची गरजच उरत नाही.

जनावरानुसार फरक पडतो. शेळीचे कातडे पातळ असूनही चिवट असते, म्हणून पाकिटाच्या आतल्या कप्प्यांसाठी ते फार चांगले. मेंढीचे कातडे मऊ आणि मोहक लागते, पण लवकर फाटते. रोज खिशात राहणाऱ्या वस्तूला ते घेऊ नये. म्हशीचे कातडे जाड, ठळक रंध्रांचे आणि मजबूत असल्याने बॅगा आणि पट्ट्यांना उत्तम. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाल्यापासून इथल्या कारागिरांचा कच्च्या मालाचा प्रश्न बिकट झाला. धारावीतल्या ‘चमार स्टुडिओ’ने तर कातड्याऐवजी पुनर्वापराच्या रबरापासून देखण्या बॅगा घडवल्या. सुधीर राजभर यांनी उभारलेला हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कारागिराचे कसब तसेच ठेवून फक्त साहित्य बदलले आहे.

कातडे कमावण्याची पद्धत पाहणेही महत्त्वाचे आहे. बाजारातील बहुतांश कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ, हलके आणि पाण्याला तुलनेने सोशिक असते. दुसरी जुनी पद्धत वनस्पतींची: बाभळीची साल आणि हिरडा. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे याच पद्धतीने कमावले जाते, आणि त्यासाठी लागणारा हिरडा आपल्या सह्याद्रीतच, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होतो. वनस्पतींनी कमावलेले कातडे सुरुवातीला ताठ असते, उन्हाने आणि हाताच्या तेलाने हळूहळू गडद होते, आणि त्याची कड घासून काचेसारखी गुळगुळीत करता येते. पाणी पडले की मात्र त्यावर डाग उमटतो. ज्याला डाग खपत नाहीत त्याने क्रोमचे कातडे घ्यावे. ज्याला वस्तू आपल्या वापराने रंगत जावी असे वाटते त्याने वनस्पतीचे.

कृत्रिम कातड्याविषयी सावधगिरी

हा भाग किनारपट्टीवरच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. ‘पीयू लेदर’ किंवा ‘व्हेगन लेदर’ या नावाने मिळणाऱ्या बहुतेक मालात कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतील बाष्प आणि उष्णता यांच्यामुळे या थरातील रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात. या क्रियेला जलअपघटन म्हणतात. वापर होवो न होवो, ही क्रिया चालूच राहते. म्हणूनच मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत कपाटात जपून ठेवलेली बॅगसुद्धा दोन-तीन पावसाळ्यांनंतर उघडावी तर तिचे पापुद्रे हाताला लागतात. हा दोष कोणत्याही मलमाने दुरुस्त होत नाही. जुन्या रेक्झिनचे दुखणे वेगळे: त्यातील मऊपणा देणारी द्रव्ये निघून जातात आणि ते कडक होऊन तडकते.

कातडे वापरायचे नसेल, आणि त्यामागे श्रद्धा, आहारविचार किंवा प्राण्यांविषयीची कणव असेल, तर कातड्याची नक्कल करणारा माल न घेता सरळ कापडाची वस्तू घ्यावी. मेण लावलेला जाड सुती कॅनव्हास किंवा ५०० ते १००० डेनियरचे कॉर्ड्युरा नायलॉन ही टिकाऊ आणि स्वतःच्या रूपाने देखणी साहित्ये आहेत. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. मात्र एकाच आकड्याचे नायलॉन आणि पॉलिएस्टर सारखेच मजबूत असतात असे नाही. घासण्याला नायलॉन अधिक तोंड देते.

पाकिटाचा कोपरा आणि दुमड

आता पाकीट डोळ्यांजवळ धरावे आणि फक्त एक कोपरा पाहावा. कड तीन प्रकारे पूर्ण केलेली असते. पहिल्या प्रकारात बाहेरचे कातडे रापीने किंवा यंत्राने छिलून अगदी पातळ करतात आणि आत दुमडून शिवतात. अशा कडेचा कस कोपऱ्यावर लागतो: गोलाईवर कातड्याच्या बारीक, सारख्या अंतराच्या चुण्या पंख्यासारख्या बसलेल्या दिसल्या, तर हात कसबी आहे, एकच जाड घडी दाबून चिकटवलेली असेल, तर तीच जागा खिशात घासून सर्वांत आधी फाटेल. दुसऱ्या प्रकारात कड कापून त्यावर रंग देतात. चांगला रंग पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून आणि घासून दिलेला असतो. घाईने दिलेला एकच जाड थर काही महिन्यांत रबरी दोरीसारखा सुटून येतो. नखाने हळूच दाबून पाहिले की कळते. तिसऱ्या प्रकारात वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याची कड पाणी आणि मेण लावून घासतात. ही कड वर्षांनंतर घरच्या घरी पुन्हा घासून नवी करता येते, आणि माझी पसंती तिलाच आहे.

मग पाकीट पूर्ण उघडून टेबलावर ठेवावे. ते अगदी सपाट बसले, तर फार आनंद मानू नये. घडी घातली की बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून जाणता कारागीर आतला भाग बाहेरच्यापेक्षा काही मिलिमीटर आखूड ठेवतो. असे पाकीट उघडल्यावर किंचित कमानदार राहते आणि मिटल्यावर आत चुरगळत नाही. दोन्ही भाग एकाच मापाचे कापले, तर मिटताना आतले कातडे गोळा होते आणि त्याच जागी भेग पडते.

कार्डांच्या कप्प्यांत एक छोटी युक्ती असते. एकावर एक बसणारे तीन-चार कप्पे पूर्ण चौकोनी तुकड्यांचे केले, तर तळाशी आणि कडेला सर्व थर साचतात. म्हणून मागच्या कप्प्यांचे तुकडे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे कापतात, म्हणजे प्रत्येक तुकडा कडेपर्यंत फक्त वरच्या भागात पोहोचतो आणि खाली एकच थर उरतो. बोटांनी कड चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत सरकवली की जाडी सारखी आहे की खाली गाठ आली आहे ते समजते. बाहेरचे कातडे एक ते सव्वा मिलिमीटर आणि आतले अर्धा ते पाऊण मिलिमीटर असले, की पाकीट मजबूत राहूनही बारीक राहते. नवे कप्पे थोडे घट्टच हवेत. कातडे वापराने सैल होते आणि पहिल्याच दिवशी सुळकन निघणारे कार्ड वर्षभरात आपोआप खाली पडू लागते.

पाकीट मागच्या खिशात ठेवून बसण्याची सवय सोडावी. जाड पाकिटावर बसल्याने कमरेखालच्या नसेवर दाब येऊन पायापर्यंत कळ जाते, याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकापासून झालेली आहे. पाकिटाचेही त्यात नुकसानच होते, कारण शरीराचा सर्व भार दुमडीवर येतो. पुढच्या खिशासाठी चार-सहा कार्डांचे चपटे पाकीट घ्यावे.

कार्डावरील माहिती चोरली जाऊ नये म्हणून आरएफआयडी रोधक, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या रेडिओलहरी अडवणारे, अस्तर असलेली पाकिटे महाग विकली जातात. संपर्करहित (नुसते टेकवून चालणारे) कार्ड काही सेंटिमीटर अंतरावरच वाचता येते, आणि १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय होणाऱ्या अशा व्यवहाराची मर्यादा ५,००० रुपये आहे. शिवाय बँकेच्या ॲपमधून ही सोय बंदही करता येते. केवळ त्या अस्तरासाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. उलट मेट्रोच्या फाटकावर पाकीट टेकवून जाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना असे अस्तर गैरसोयीचेच ठरते. त्यांनी प्रवासाचे कार्ड बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात, इतर संपर्करहित कार्डांपासून दूर ठेवावे.

शिवण

हाताने केलेल्या सॅडल शिवणीत एकच धागा दोन सुयांनी प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओढला जातो. एका बाजूचा धागा झिजून तुटला, तरी दुसरी बाजू शिवण धरून ठेवते. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन धागे कातड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक तुटला तर टीप उसवत जाऊ शकते. तरीही हाताची शिवण तेवढी चांगली आणि यंत्राची वाईट, असा निष्कर्ष काढू नये. जाड बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा, सारखा ताण आणि टोकांना दोन-तीन टाके उलटे घेऊन पक्की केलेली यंत्राची टीप अनेक वर्षे टिकते. पाकिटाला एका इंचात आठ ते दहा आणि बॅगेला सहा ते आठ टाके साधारणपणे योग्य असतात. टाके फार जवळ घेतले, तर छिद्रांची रांग कातड्याला कापून टाकते, म्हणून बारीक टाका म्हणजे चांगले काम हा समज जाड कातड्याला लागू होत नाही. टीप कडेला समांतर आहे का, हे डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहावे. वाकडी टीप कुरूप तर दिसतेच, पण ती कडेच्या जवळ गेलेल्या जागी कातडे सोडूनही देते.

बॅगेच्या ताणाच्या जागा

बॅग उचलण्यापूर्वी ती आतून उलटी करून पाहावी. पट्टा जिथे अंगाला जोडला आहे, तिथे आतल्या बाजूने कातड्याचा किंवा जाड कापडाचा जादा तुकडा लावलेला असला पाहिजे. जोडाला चौकोनी टीप आणि त्यात फुलीची टीप हवी; सोबत रिव्हेट असेल तर उत्तम. मात्र नुसते रिव्हेट असून टीप नसेल, तर सगळा भार एका छिद्रावर येतो आणि ते हळूहळू लांबट होते. पाठपिशवीत खांद्याचे पट्टे वरच्या शिवणीत खोल गेलेले असावेत. दोन्ही पट्टे एकत्र धरून बॅग जोराने खाली ओढावी आणि शिवणीची छिद्रे उघडताना दिसतात का ते पाहावे. विक्रेत्याने हरकत घेतली, तर त्यातूनही काही कळतेच. एका खांद्याच्या बॅगेचा पट्टा निदान ३८ मिलिमीटर रुंद असावा.

चेन तपासताना ती कोपऱ्यावरून दहा वेळा ओढावी. दात सरळ भागात सहज सरकतात, अडतात ते वळणावर. वायकेकेसारख्या नामांकित कंपनीचा शिक्का रनरवर असतो. तसा शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून हाताला काय लागते त्यावर अधिक भरवसा ठेवावा. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची चेन हवी. हा क्रमांक मिटलेल्या दातांच्या मिलिमीटरमधील रुंदीच्या जवळपास असतो. ५ क्रमांकाची चेन आतल्या कप्प्याला चालते, भरलेल्या बॅगेच्या तोंडाला नाही. चेनीची दोन्ही टोके कातड्याच्या किंवा कापडाच्या तुकड्याखाली शिवलेली असावीत.

बक्कल, कड्या आणि हुक यांच्यासाठी छोटे चुंबक उपयोगी पडते. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे, आणि कोकणच्या हवेत मुलामा सुटला की गंज कातड्यात उतरतो. चिकटले नाही तर बहुधा पितळ किंवा जस्ताची मिश्रधातू. पितळ हाताला जड लागते आणि ओरखड्याखालीही पिवळेच असते. जस्ताच्या ओतीव हुकाच्या मुलाम्याखाली करडा रंग दिसतो आणि तो वाकण्याऐवजी एकदम तुटतो. कडीचे तोंड झाळून (धातूने सांधून) बंद केलेले आहे का तेही पाहावे.

अस्तर फिकट रंगाचे घ्यावे. काळ्या अस्तराच्या बॅगेत काळा चार्जर आणि काळी पेनड्राइव्ह शोधण्यात रोजचा वेळ जातो.

रूप

पाकीट, पट्टा, बूट आणि बॅग एकाच रंगाच्या गटातले असले की पुरे. चारही हुबेहूब जुळवायला गेल्यास पोशाख गणवेशासारखा दिसतो. पहिलीच बॅग घेत असाल तर गडद तपकिरी घ्यावी, कारण ती फिकट निळ्या शर्टावर, खादीच्या कुर्त्यावर आणि काळ्या पँटवरही खुलते. कंपनीचे नाव ठळक असलेली वस्तू शक्यतो टाळावी. सडपातळ किंवा कमी उंचीच्या माणसाला आडवी, मोठी मेसेंजर बॅग अंगाबाहेर वाटते. त्याला उभ्या आकाराची बॅग अधिक शोभते. ब्लेझर रोज घालावा लागत असेल, तर पाठपिशवीऐवजी हातात धरायची बॅग घ्यावी, नाहीतर पट्ट्याच्या घर्षणाने खांद्यावरचे कापड चमकू लागते.

कुठून घ्यावी, कशी बनवून घ्यावी

पुदुच्चेरीत १९७८ मध्ये सुरू झालेल्या हायडिझाइनसारख्या कंपन्यांनी वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याच्या बॅगा भारतात लोकप्रिय केल्या. शांतिनिकेतनच्या ठसे उमटवलेल्या चर्मवस्तूंना भौगोलिक मानांकन आहे. मुंबईकरांना मात्र धारावी जवळ आहे. सायन-वांद्रे जोडरस्त्यालगतच्या दुकानांमागे गल्ल्यांत छोटे कारखाने आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा माल मोठ्या नावांखाली विकला जातो. तिथे कानपूर, कोलकाता आणि तमिळनाडूतून येणारे कातडे पाहून वस्तू बनवून घेता येते.

बनवून घ्यायची असेल तर तोंडी वर्णनावर काम सोपवू नये. जाड कागद कापून खऱ्या मापाचा नमुना करावा, त्यात स्वतःची कार्डे आणि नोट बसवून पाहावी आणि तो कारागिराला द्यावा. कातडे, त्याची जाडी, धाग्याचा रंग, कडेचा प्रकार, अस्तर आणि चेनीचा क्रमांक हे सहा मुद्दे लिहून द्यावेत. ठरलेल्या कातड्याचा छोटा तुकडा मागून घरी आणावा, ओल्या पांढऱ्या रुमालाने घासावा. रंग सुटला तर पावसाळ्यात तोच रंग शर्टाला लागणार आहे. किमतीची घासाघीस करण्यापेक्षा वेळ वाढवून द्यावा. कडेचा रंग वाळायला वेळ लागतो आणि घाईत पहिली काटछाट तिथेच होते.

पावसाळा, निगा आणि दुरुस्ती

कातड्यावर बुरशी धरते ती हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून बरीच वर असते. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नये, कारण आतला दमटपणा तिथेच कोंडला जातो. सुती पिशवीत, आत कोरा कागद चुरगळून भरून, भिंतीपासून थोड्या अंतरावर ठेवावी आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली काढावी. छापील वर्तमानपत्र भरू नये, शाई अस्तराला लागते. बुरशी दिसलीच तर वस्तू घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी, मग स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात मिसळून फडके किंचित ओले करून हलक्या हाताने फिरवावे. आधी न दिसणाऱ्या जागी रंग जातो का ते तपासावे.

भिजलेली बॅग उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये. कातडे आकसून तडकते. पाणी टिपून घ्यावे, आत टॉवेल भरून आकार धरावा आणि सावलीत एक-दोन दिवस ठेवावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, मेणयुक्त लेदर क्रीम अगदी थोडे लावावे. घरात असते म्हणून खोबरेल लावले जाते, पण त्याने कातडे काळपट व लिबलिबीत होते आणि नंतर ते तेल काढता येत नाही. बुटांचे पॉलिशही नको, ते कपड्यांना लागते. मेणाच्या कॅनव्हासची बॅग यंत्रात धुवू नये. थंड पाण्याने आणि ब्रशने साफ करावी.

दुरुस्ती वेळेवर केली तर स्वस्तात होते. चेन मधूनच उघडू लागली की बहुधा दात शाबूत असतात आणि फक्त रनर सैल झालेला असतो. नुसता रनर बदलून काम भागते, म्हणून पूर्ण चेन बदलण्याआधी तेवढे करून पाहायला सांगावे. उसवलेला टाका दिसताच शिवून घ्यावा आणि चर्मकाराला जुन्याच छिद्रांतून आरी घालायला सांगावे, कारण शेजारी नवी छिद्रे पाडली तर ती जागा कमकुवत होते. पट्ट्याचे टिचबटण, हुक आणि अस्तर बदलणे हीसुद्धा रस्त्याकडेच्या चर्मकाराच्या आवाक्यातली कामे आहेत. कातडे दुमडीवर आरपार फाटले, तर मात्र पाकीट पुन्हा शिवण्यात अर्थ नाही. बाहेरच्या बाजूचे शाबूत तुकडे साधारण १० गुणिले ७ सेंटिमीटरचे निघत असतील, तर त्यांतून तीन कार्डांचे छोटे पाकीट शिवून घेता येते.